ध्रुवाकडील बर्फ आणि गावची नोंदवही

शेतीविषयक पत्रिकेने बी-बियाणे, खते, औत-अवजारे, पाणी आणि पिकांवरील रोग यांविषयी लिहावे, हे रीतीस धरून आहे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरील बर्फाविषयी तिने लिहावे, याचे मात्र काही वाचकांना नवल वाटेल. ज्या समुद्राचे दर्शन आपल्यापैकी बहुतेकांना जन्मात घडणार नाही, त्याच्या पृष्ठभागावरील बर्फ वाढला काय अथवा घटला काय, त्याने आमच्या बांधावर कोणता फरक पडतो, असा प्रश्न कोणी केला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही हा विषय मुद्दाम हाती घेण्यास कारण आहे. ध्रुवाकडील बर्फाची वार्ता आता खेड्यापाड्यांतून येऊन पोहोचली आहे. मोबाइलवर कधी बातमी येते की, बर्फ संपत आला असून जगबुडी जवळ आली आहे. वर्ष-दोन वर्षांनी दुसरी येते की, बर्फ पुन्हा वाढला, सबब पूर्वी सांगितले ते सारे थोतांड होते. अवकाळी पावसाने कांदा भिजला किंवा पावसाने ओढ दिली म्हणजे पारावर या दोन्ही बातम्यांची चर्चा होते, आणि अखेर गावात येणाऱ्या कृषी कार्यकर्त्याला विचारले जाते, "साहेब, यात खरे काय?" कार्यकर्त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या मते या दोन्ही बातम्यांचा दोष एकच आहे. दोन्ही एका वर्षाकडे पाहून बोलतात. ध्रुवीय बर्फाचे खरे काय, हे एका वर्षाच्या आकड्यात नसून अनेक वर्षांच्या सलग नोंदीत आहे. ती नोंद कशी वाचावी हे शेतकऱ्यास समजावून देणे, आणि ती जेवढे सांगते तेवढेच सांगणे, त्याहून अधिक नव्हे व उणेही नव्हे, हे विस्तारकार्य करणाऱ्याचे कर्तव्य होय.

हा बर्फ कोणता?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ध्रुवाकडे बर्फ दोन प्रकारचा आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या भूमींवर हजारो वर्षे पडलेल्या हिमाचे थर दबून झालेला प्रचंड बर्फ हा एक प्रकार. समुद्राचे पाणीच थंडीने गोठून त्याच्या पृष्ठभागावर धरणारा बर्फ हा दुसरा. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा बर्फ, म्हणजे सागरी बर्फ होय.

समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशावर गोठत नाही, उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते. गोठताना त्यातील बरेचसे मीठ खाली निथळून जाते. हा बर्फ पाण्यावर तरंगतो. त्यामुळे तो वितळला म्हणून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, जसे पेल्यातील बर्फाचा खडा विरघळल्याने पेला वाहू लागत नाही. कोकणातील खार जमिनीच्या बांधांना ज्या वाढत्या समुद्राचे भय आहे, तो वाढतो तो भूमीवरील बर्फ वितळून पाण्यास मिळाल्यामुळे आणि समुद्राचे पाणी तापून फुगल्यामुळे. "उत्तर ध्रुवाच्या समुद्रातला बर्फ वितळला की मुंबई बुडणार" असे जे सरसकट बोलले जाते, त्यात हे दोन बर्फ एकमेकांत मिसळलेले असतात.

उत्तरेकडे आर्क्टिक महासागर असून त्याच्या सभोवती भूमी आहे. दक्षिणेकडे अंटार्क्टिका हे खंड असून त्याच्या सभोवती समुद्र आहे. या भेदामुळे दोन्हीकडील सागरी बर्फाचे वर्तन सारखे नसते, हे पुढे येईलच. आर्क्टिक समुद्रावरील बर्फ हिवाळाभर वाढत जाऊन मार्चमध्ये सर्वांत अधिक पसरतो. त्या वेळी तो सुमारे १५० लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. पुढे उन्हाळ्यात तो घटत जातो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होतो. यास्तव मार्चच्या बर्फाशी सप्टेंबरच्या बर्फाची तुलना करून "बर्फ निम्म्याहून अधिक नाहीसा झाला" असे म्हणणे व्यर्थ आहे. विहिरीच्या कार्तिकातील पाण्याशी वैशाखातील पाण्याची तुलना करून कोणी विहीर आटत चालल्याचे ठरवीत नाही. या वर्षीच्या वैशाखाची गेल्या वर्षीच्या वैशाखाशीच तुलना करावी लागते. तद्वत बर्फाच्या बाबतीतही सप्टेंबरची सप्टेंबरशी आणि मार्चची मार्चशी तुलना केली पाहिजे.

एका वर्षावरून केलेले अनुमान

एका वर्षाच्या दाखल्यावर विसंबल्याने काय होते, याचे एक जुने उदाहरण बोधप्रद आहे. इंग्लंडमधील व्हिट्बी बंदराचा विल्यम स्कोर्सबी हा देवमाशांच्या शिकारीसाठी दरवर्षी ग्रीनलंडच्या समुद्रात जाणारा जाणता दर्यावर्दी होता. १८१७ साली त्याला ७४ व ८० अक्षांशांच्या दरम्यानचा मोठा सागरी प्रदेश, जो एरवी बर्फाने झाकलेला असे, तो मोकळा आढळला. त्याने ही हकीकत रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवली. त्यावरून लंडनमध्ये अशी आशा उत्पन्न झाली की, ध्रुवाकडील बर्फ हटला असून उत्तरेकडून आशियाकडे जाण्याचा जलमार्ग आता मोकळा होईल. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, ब्रिटिश आरमाराने दोन मोहिमा धाडल्या. त्यांपैकी डेव्हिड बकन याच्या हाताखालील जहाजे स्पिट्सबर्गन बेटांच्या उत्तरेस बर्फात सापडून मोडतोड होऊन परतली. दुसरी जॉन रॉसची मोहीमही मार्ग न सापडता परत आली.

स्कोर्सबीने पाहिले ते खोटे नव्हते. त्या वर्षी समुद्र खरोखरच मोकळा होता. चूक झाली ती एका वर्षाच्या निरीक्षणावरून पुढील सर्व वर्षांचे अनुमान करण्यात. जलमार्गाचा शोध त्यानंतरही चालूच राहिला. १८४५ साली जॉन फ्रँकलिन दोन जहाजे आणि १२९ माणसे घेऊन त्याच मार्गाच्या शोधार्थ बर्फात शिरला. त्यांतील एकही परतला नाही. रोआल आमुंडसेन याने एका लहान जहाजातून हा मार्ग प्रथम पार केला तो १९०३ ते १९०६ या काळात, आणि त्यास बर्फात मुक्काम करीत तीन वर्षे लागली. २००७ च्या उन्हाळ्यात मात्र उपग्रहांना त्या वायव्य जलमार्गाचा मुख्य भाग बर्फावाचून मोकळा दिसला. १८१७ चा मोकळा समुद्र आणि २००७ चा मोकळा मार्ग दिसावयास सारखेच आहेत. पहिला एका वर्षाचा योगायोग होता आणि दुसरा एका दीर्घ घटीचा भाग होता, हे आपण कशाच्या आधारे म्हणतो? केवळ सलग नोंदीच्या आधारे.

नोंद कशी ठेवली जाते?

पूर्वी शिकारी जहाजांच्या रोजनिशा व निरनिराळ्या देशांच्या हवामान खात्यांचे नकाशे एवढाच आधार होता. १९७८ च्या अखेरीस निंबस-७ या उपग्रहापासून सर्व ध्रुवप्रदेशाची अखंड मोजणी सुरू झाली. बर्फ आणि पाणी यांपासून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी भिन्न प्रमाणाच्या असतात. उपग्रहावरील यंत्र त्या टिपते. त्यास प्रकाशाची गरज नसल्यामुळे ध्रुवावरील सहा महिन्यांच्या रात्रीतही आणि ढगांआडूनही ही मोजणी चालते. समुद्राचे चौकोनी भाग पाडून ज्या भागात निदान शेकडा १५ बर्फ असेल तो बर्फाच्छादित धरावा, असा नियम ठरवला आहे.

येथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८७ साली जुने यंत्र जाऊन नव्या उपग्रहावरील नवे यंत्र आले, तेव्हा काही आठवडे दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू होती. दोहोंचे आकडे ताडून पाहून मगच नवी नोंद जुनीस जोडली गेली. असे केले नसते तर आकड्यात पडलेला फरक बर्फाचा की यंत्राचा, हे सांगणे कठीण झाले असते. शाळेच्या आवारातील पर्जन्यमापक उचलून झाडाखाली ठेवला आणि पाऊस कमी झाल्याचे नोंदले, असा प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना या काळजीचे मोल सांगावयास नको.

ही नोंद काय सांगते?

१९८० च्या दशकात आर्क्टिक समुद्रावरील सप्टेंबरचा किमान बर्फ साधारणतः ६५ ते ७५ लाख चौरस किलोमीटर असे. २००७ साली तो एकदम सुमारे ४२ लाखांवर आला. २००९ मध्ये पुन्हा ५१ लाखांपर्यंत चढला. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख, म्हणजे आपल्या भारत देशाच्या क्षेत्रफळाहून किंचितच अधिक, एवढा उरला. आजवरच्या नोंदीतील हा नीचांक होय. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, आकडा पुन्हा ५० लाखांवर गेला, आणि तेव्हा काही परदेशी वृत्तपत्रांनी "बर्फ परतला" अशा अर्थाचे मोठे मथळे दिले. २०२० मध्ये तो सुमारे ३८ लाखांपर्यंत उतरला. २०२५ मध्ये सुमारे ४६ लाख होता.

हे आकडे वरखाली होतात यात संशय नाही. वारा, ढग, समुद्रातील प्रवाह यांच्या योगाने एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. परंतु थोडे दूर उभे राहून पाहिले म्हणजे असे दिसते की, २००७ पासून २०२५ पर्यंतची एकोणीस वर्षे हीच या नोंदीतील सर्वांत कमी बर्फाची एकोणीस वर्षे आहेत. या काळातील ज्या वर्षाला आपण "चांगले" म्हणतो तेसुद्धा १९८० च्या दशकातील कोणत्याही वाईट वर्षाहून उणे आहे. २०१३ च्या मथळ्यात नेमकी हीच गोष्ट सांगावयाची राहिली होती. १९८१ ते २०१० ही सरासरी धरली तर सप्टेंबरच्या बर्फाची घट दर दहा वर्षांस शेकडा १२ च्या आसपास भरते. हिवाळ्यातील बर्फही सुटलेला नाही. मार्च २०२५ मधील कमाल आकडा सुमारे १४३ लाख होता आणि तो तोपर्यंतच्या सर्व कमाल आकड्यांत सर्वांत लहान ठरला.

पसाऱ्याबरोबर जाडीही घटली आहे. पाणबुड्यांनी बर्फाखालून जाताना केलेल्या मोजण्यांवरून असे आढळले की, १९५८ ते १९७६ या काळात उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फाचा पाण्याखालील भाग सरासरी सुमारे ३.१ मीटर होता. १९९० च्या दशकात त्याच ठिकाणी तो सुमारे १.८ मीटर भरला. १९८० च्या दशकाच्या मध्यास आर्क्टिक महासागरातील हिवाळी बर्फाचा सुमारे तिसरा हिस्सा चार वर्षांहून जुना होता. आता असा जुना, मुरलेला बर्फ शेकडा पाचांहूनही कमी उरला आहे. जुना बर्फ जाड व टणक असतो. एका हिवाळ्यात धरलेला बर्फ कोवळ्या रोपासारखा, पहिल्याच कडक उन्हाळ्यात जाणारा.

नोंद प्रामाणिकपणे वाचावयाची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ नंतर नवा नीचांक झालेला नाही, आणि २००७ नंतरच्या काळात सप्टेंबरच्या बर्फाची घट बरीच मंदावलेली दिसते. शास्त्रज्ञ याचे कारण मुख्यतः निसर्गातील चढउतारात शोधतात आणि अशी विश्रांतीची वर्षे दीर्घ घटीच्या मध्येही येतात असे सांगतात. कार्यकर्त्याने ही गोष्ट लपवू नये. ती लपवली आणि शेतकऱ्यास दुसरीकडून कळली, तर त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास राहणार नाही.

दक्षिणेचा धडा

दक्षिणेकडील बर्फाची हकीकत तर घाईने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ १९७९ पासून पुढे पस्तीस वर्षे घटला नाही. उलट किंचित वाढत गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये तो २०० लाख चौरस किलोमीटरांच्या वर गेला आणि तो त्या नोंदीचा उच्चांक ठरला. उत्तरेकडील घट मान्य नसलेल्यांनी या वाढीकडे बोट दाखवले. परंतु २०१६ पासून तेथेही चित्र पालटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे तेथील उन्हाळ्याच्या अखेरीस, केवळ १८ लाखांच्या आसपास बर्फ उरला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातील कमाल आकडा सुमारे १७० लाख होता. पूर्वीच्या सर्वांत लहान कमाल आकड्याहूनही तो जवळजवळ १० लाखांनी कमी होता. २०२४ व २०२५ या वर्षांतही हिवाळी बर्फ पूर्वीच्या पातळीस पोहोचला नाही.

दक्षिणेकडील ही घट कायमची आहे काय, याविषयी शास्त्रज्ञांनी अद्याप निर्णय दिलेला नाही. आठ-दहा वर्षांचा काळ त्यास पुरेसा नाही, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे आहे. ज्यांच्यापाशी जगातील उत्तमोत्तम यंत्रे आहेत ते लोक जर असा संयम पाळतात, तर एका हंगामाच्या अनुभवावरून "आता मृगाचे दिवस गेले" किंवा "अमुक वाण आमच्या मातीत चालतच नाही" असा निकाल देण्यापूर्वी आपणही थांबावे, हे उचित नव्हे काय?

घट का होते?

उत्तरेकडील घटीच्या मुख्य कारणाविषयी मात्र आता शंका उरलेली नाही. कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढत आहे. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये त्याची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० भागांच्या वर गेला. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हीसुद्धा एका ठिकाणी, एका रीतीने, न कंटाळता ठेवलेल्या नोंदीचीच देणगी होय.

ध्रुवाकडे ही उष्णता अधिक जोराने वाढते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश साऱ्या जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. त्याचे एक कारण शेतकऱ्यास सहज पटण्यासारखे आहे. चुना दिलेले धाबे आणि उघडी काळी जमीन यांवर वैशाखात अनवाणी पाय ठेवून पाहावा. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषून घेतो. हिमाने झाकलेला सागरी बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा ८० ते ९० पर्यंत परत पाठवतो. उघडा समुद्र शेकडा ६ च्या आसपासच परतवतो. बर्फ हटला की काळे पाणी उघडे पडते, ते तापते आणि उरलेल्या बर्फास वितळवते. बांधाला एक भगदाड पडले म्हणजे वाहते पाणी ते भगदाड आपणच मोठे करीत जाते, तसा हा प्रकार आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवण्यात आले की, हवेत सोडलेल्या दर एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधील सुमारे ३ चौरस मीटर सागरी बर्फ नाहीसा होतो. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलो हा वायू निघतो. म्हणजे पावणेचारशे लिटरांच्या आसपास डिझेल जळाले की, एक बाज टाकून वर थोडी जागा उरावी एवढा बर्फ ध्रुवाकडे कमी झाला. हा हिशेब शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मांडलेला नाही. आजवर सर्वाधिक इंधन जाळले ते उद्योगप्रधान राष्ट्रांनी. दोन एकरांच्या धन्याने ट्रॅक्टरच्या चार पाळ्या घातल्या म्हणून बर्फ वितळला, असे कोणी त्यास ऐकवू नये. परंतु दूरच्या बर्फाचा आणि जवळच्या इंधनाचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, एवढे यावरून कळावे.

एका गावाची गोष्ट

ज्यांनी इंधन फारसे जाळले नाही त्यांनाच तोटा प्रथम सोसावा लागतो, हेही या प्रकरणात दिसते. अलास्काच्या किनाऱ्याजवळ एका चिंचोळ्या बेटावर शिश्मारेफ नावाचे सुमारे ६०० वस्तीचे इनुपियाक लोकांचे गाव आहे. समुद्रातील शिकारीवर हे लोक जगतात. हिवाळ्यात गोठलेला समुद्र हाच त्यांचा रस्ता आणि हेच त्यांचे शिकारीचे रान. शरद ऋतूत तेथे वादळे येतात. पूर्वी तोवर किनाऱ्यालगत बर्फ धरलेला असे आणि तो लाटांना थोपवून धरी. आता बर्फ उशिरा धरतो, लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि जमीन खचते. २०१६ साली ग्रामस्थांनी मतदान करून गाव दुसरीकडे हलवण्याचा निर्णय घेतला. पण त्यास लागणारा खर्च अवाढव्य असल्याने निर्णय होऊनही गाव तेथेच राहिले. धरणाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लोकांची अवस्था वेगळी समजावून देण्याची गरज नाही.

आमच्या पावसाशी संबंध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या बर्फाचा आमच्या पावसाशी संबंध आहे काय? दूरच्या हिमाचा मान्सूनशी संबंध असावा, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातील हिमाचा आणि पावसाळ्याचा संबंध मांडला आणि त्याच्या आधारे पावसाचे अंदाज वर्तवण्यास आरंभ केला. पुढे असे दिसून आले की, एकट्या हिमावर विसंबून पावसाचे भाकीत करता येत नाही.

ध्रुवीय संशोधनाचे आपले राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुन येथे २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे, आणि २०१४ पासून तेथील खाडीत समुद्राखाली मोजमापे घेण्याची व्यवस्थाही केली गेली. गोव्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सैबेरियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असणे आणि मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबरमध्ये, अतिवृष्टी होणे यांत संबंध असावा असे सुचवले आहे. ऐन काढणीच्या तोंडावर सोयाबीन आणि कापूस भिजण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांना या संशोधनाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. पण "असावा" आणि "आहे" यांत अंतर आहे. मान्सूनवर प्रशांत महासागराचे, हिंदी महासागराचे आणि इतर अनेक गोष्टींचे वजन पडते. गेल्या आठवड्यात पडलेली गार ध्रुवावरील बर्फामुळेच पडली, असे आज कोणताही जाणता शास्त्रज्ञ म्हणणार नाही. मग कार्यकर्त्याने ते का म्हणावे?

कार्यकर्त्यांनी काय करावे?

विस्तारकार्याचे सारे बळ शब्दावरील विश्वासात आहे. आज बर्फाविषयी वाढवून सांगितले आणि उद्या ते उणे ठरले, तर परवा बीजप्रक्रियेविषयी सांगितलेले खरेही शेतकरी ऐकणार नाही. उलट "हे सारे परदेशातले खूळ आहे" असे म्हणून प्रश्न उडवून लावला, तर डोळ्यांदेखत बदलत असलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवल्याचा दोष आपल्याकडे येईल. यास्तव गावपातळीवर काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे.

(१) उत्तरेकडील सागरी बर्फ दीर्घकाळ घटत आहे आणि त्याचे मुख्य कारण इंधनाचे ज्वलन आहे, हे निःशंकपणे सांगावे. २०५० पूर्वी निदान एका सप्टेंबरमध्ये तेथील समुद्र जवळजवळ बर्फरहित, म्हणजे १० लाख चौरस किलोमीटरांहून कमी बर्फाचा, होण्याचा संभव आहे, असे जागतिक शास्त्रज्ञ मंडळाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, तेही सांगावे.

(२) एखाद्या वर्षी बर्फ वाढल्याची बातमी आली तर ती खोटी म्हणू नये. ते वर्ष मागील चाळीस वर्षांच्या ओळीत कोठे बसते, हे दाखवून द्यावे.

(३) कोणत्याही एका पावसाचे, गारपिटीचे अथवा अवर्षणाचे खापर थेट ध्रुवावर फोडू नये.

(४) आपल्या गावची नोंद सुरू करावी व चालू ठेवावी. महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला पाऊस आणि आपल्या शिवारातील पाऊस यांत अंतर पडते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. शाळेत किंवा पंचायतीच्या आवारात, झाडे व भिंतींपासून दूर, साधा पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी; हवामान खात्याची वेळही तीच आहे. पाऊस न पडल्यास शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. गावातील दोन-तीन विहिरींची पातळी काठावरील ठरावीक खुणेपासून जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजावी. भूजल सर्वेक्षणाची पद्धतही अशीच आहे. पर्जन्यमापक हलवावा लागला तर काही काळ जुना व नवा दोन्ही ठेवून आकडे ताडून पाहावेत.

ही वही पहिल्या दोन-तीन वर्षांत फारसे काही सांगणार नाही. त्यामुळे अनेक गावांतून ती उत्साहाने सुरू होते आणि बदली झालेल्या कार्यकर्त्याबरोबर बंद पडते. ध्रुवाकडील नोंदीनेही पहिल्या दहा वर्षांत विशेष काही सांगितले नव्हते. ती सांगू लागली ती वीस वर्षांनी, आणि आज तिच्यावाचून कोणाचेही बोलणे पुरे होत नाही. आपल्या शिवारात पेरणीयोग्य पाऊस पूर्वीपेक्षा उशिरा येतो काय, मोठ्या पावसाचे दिवस वाढले काय, मे महिन्यातील विहिरीचे पाणी खाली जात आहे काय, या प्रश्नांची उत्तरे पारावरच्या आठवणींतून मिळणार नाहीत. आठवणीत ठसते ते एखादे भयंकर वर्ष. मधली साधी वर्षे विसरली जातात. पीक कोणते घ्यावे, विहीर खोल करावी की बांधबंदिस्ती करावी, शेततळ्यासाठी पैसा घालावा की नाही, हे निर्णय त्या मधल्या वर्षांवरच अवलंबून असतात.

म्हणून ज्या गावात अशी वही नाही तेथील कार्यकर्त्याने पंचायतीच्या व शाळेच्या मदतीने ती येत्या पावसाळ्यापूर्वी उघडावी, आणि जेथे आहे तेथे ती आपल्या बदलीच्या वेळी नव्या माणसाच्या हाती स्वतः नेऊन द्यावी. शेतकरी बंधू-भगिनींनीही ग्रामसभेत ती वर्षातून एकदा वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. ध्रुवावरील बर्फाविषयी पुढच्या खेपेस कोणी प्रश्न केला, तर उत्तर देण्यापूर्वी कार्यकर्त्याने ही वही उघडून पुढे ठेवावी. आपल्याच शिवाराची वीस वर्षे डोळ्यांपुढे असली म्हणजे दूरच्या समुद्राची पंचेचाळीस वर्षे समजावयास फार वेळ लागणार नाही.